ऑफर अण्णांचा ऑनलाइन कौल

अनुमान

शाळेच्या प्रयोगवहीत अनुमान शेवटी लिहायचं असतं. हुबळीच्या देशपांडे नगरातल्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये ते प्रयोगाआधीच काढून झालं होतं. देवी अण्णांशी बोलते, आणि तिचं बोलणं थेट मोबाइलवर येतं. उरलेले रकाने त्यानंतर भरायचे होते.

निरीक्षण

रविवारची सकाळ. जिन्यात चपलांचा असा ढीग, की वर जाणाऱ्याने आपली चप्पल त्यात सोडली तर ती परत मिळणं हाही चमत्कारच. हॉलमध्ये बी.कॉम., बी.ए., बी.सी.ए. आणि डिप्लोमा खच्चून भरलेले. प्रत्येक पदवीमागे एक आई, एक बाप आणि जमल्यास एक मावशी. स्टेजवर, जिथे एरवी नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात, तिथे चौरंग. चौरंगावर देवीची तसबीर आणि तिला टेकवून उभा केलेला एक मोबाइल.

शेजारी अण्णा. खरं नाव गणपत. ‘श्री उद्योगानंद’ हे नाव त्यांनी स्वतःला दिलं आणि लोकांनी ते घासूनपुसून ‘ऑफर अण्णा’ केलं. अंगात भगवा रेशमी झब्बा, गळ्यात रुद्राक्षाची माळ, कानात बिनवायरचा इअरफोन.

आपल्या भागात देवाला कौल लावतात हे कुणाला सांगायला नको. मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातलं विचारायचं आणि थांबायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कितीतरी सोयरिकी, विहिरी आणि घरांच्या जागा अशाच ठरल्या. अण्णांनी त्यात एकच सुधारणा केली. मूर्तीच्या जागी उमेदवाराचा मोबाइल ठेवला.

“देवीचा सर्व्हर कधी डाऊन नसतो,” अण्णा माइकमध्ये म्हणाले. “डाऊन असतो तो आपला विश्वास. वेबसाइटवर फॉर्म भरून भरून बोटं झिजवलीत की नाही? एक तरी उत्तर आलं? एल्ला सुळ्ळु. सगळं खोटं. इथं फॉर्म नाही, परीक्षा नाही, मुलाखत नाही. इथं पाकळी.”

“अण्णा, सिम कुठलं लागतं?” पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

“श्रद्धेचं. रिचार्ज मात्र रोज करावा लागतो.”

हॉल हसला. हसणारी माणसं संशय घेत नाहीत, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं.

“फोन व्हायब्रेटवर टाका. देवीसमोर गाणी वाजायला लागली तर अपमान होतो. चला, पुढचं कोण?”

पुढची नेत्रा होती. नवनगरात राहणारी, बी.कॉम. झालेली, टॅली शिकलेली आणि गेलं वर्षभर नोकरी शोधणारी. अण्णांनी तिचा फोन तसबिरीला टेकवला. दोन चांदीच्या वाट्या पुढे ओढल्या. शेवंतीची एक पाकळी पंचामृतात बुडवून काचेवर डावीकडे लावली, दुसरी तीर्थात बुडवून उजवीकडे. डोळे मिटले. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज.

फोन थरथरला. पुन्हा थरथरला. मग आणखी दोनदा. उजवी पाकळी काचेवरून घसरली आणि चौरंगावर पडली.

स्क्रीनवर बंगळूरुच्या एका बड्या कंपनीचं पत्र होतं. वर बोधचिन्ह, खाली शिक्का, मध्ये नेत्राचं पूर्ण नाव आणि ‘सीनिअर एक्झिक्युटिव्ह’ हे पद. बायकांनी हात जोडले. नेत्राच्या वडिलांनी, म्हणजे दत्तात्रेय यांनी, डोळे पुसले. एक मावशी नेत्राची नव्हतीच, तीही रडली.

हॉलच्या मागच्या कोपऱ्यात चेतन नावाचे शिष्य लॅपटॉप आणि बरेचसे मोबाइल मांडून बसलेले असत. थेट प्रक्षेपणासाठी, असं सांगत. आत येताना प्रत्येकाने नाव, शिक्षण आणि व्हॉट्सॲपचा नंबर त्यांच्याकडे द्यायचा असे. देवीला सगळं माहीत असतंच, पण चेतनलाही माहीत असलेलं बरं.

सूचना

अटी दोन होत्या. पहिली पत्राच्या शेवटी छापलेली. गुरुवारी सकाळी सर्व मूळ गुणपत्रिका, पदवीचं मूळ प्रमाणपत्र आणि पडताळणीची अनामत हॉलवर जमा करायची. आणि दुसरी अट अण्णांनी तोंडीच सांगितली.

“एकदा कौल मिळाला की पुन्हा विचारायचं नाही. तुमच्या आजीने सांगितलंच असेल. कंपनीला फोन लावणं म्हणजे देवीला दुसऱ्यांदा विचारणं. मग कौल उलटतो. मला दोष देऊ नका.”

सगळ्या माना हलल्या. कौल दोनदा लावू नये, हा नियम अण्णांच्याही जन्माआधीचा. कुलूप लोकांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं होतं. अण्णांनी फक्त किल्ली फिरवली.

अडचण

नवनगरातलं घर. रविवारची दुपार.

“गुरुवारी सकाळी मला तारिहाळला जायचंय, अप्पा,” नेत्रा म्हणाली. “मुलाखत आहे.”

“कसली?”

“पंपांच्या कारखान्यात, हिशेब विभागात. सांगितलं होतं की तुम्हाला. मूळ कागद घेऊन बोलावलंय.”

“देवीने बंगळूरु दिल्यावर तू तारिहाळला पंप मोजायला जाणार?”

“पंप नाही, हिशेब.”

“तेच ते.”

दत्तात्रेय पाटबंधारे खात्यात ज्येष्ठ लिपिक. घरात त्यांचा शब्द शेवटचा, निदान तो शेवटी उच्चारला जातो म्हणून. मूळ कागदांची एकच फाइल, गुरुवारची एकच सकाळ, आणि जायच्या जागा दोन. तारिहाळची तारीख हुकली तर कारखाना दुसरी देणार नव्हता, तसं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

एवढ्यात शेजारचे सुमंत वकील पेढ्यांचा पुडा घेऊन आले. त्यांच्या मुकुलला दिवाळीच्या सुमारास असाच कौल मिळाला होता. पत्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेलं होतं. मुकुलही अजून दिवाणखान्यातच होता.

“अभिनंदन, दत्तूअण्णा. आता अपील नाही. वरच्या कोर्टाचा निकाल आहे हा.”

“मुकुलला रुजू व्हायची तारीख मिळाली का हो?” भारतीबाईंनी विचारलं. त्या नेत्राच्या आई, धारवाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. सकाळी हॉलमध्ये त्याही होत्या.

“प्रक्रिया चालू आहे, वहिनी. मोठ्या कंपन्यांत वेळ लागतो.”

“आणि त्याच्या गुणपत्रिका?”

“अण्णांकडे. एकदम सुरक्षित.”

“मागच्या आठवड्यात त्याला सहकारी बँकेत कागद तपासायला बोलावलं होतं ना?”

सुमंतांनी पुड्यातला एक पेढा उचलला, फिरवून पाहिला आणि परत ठेवला. “बोलावलं होतं. त्यांना मूळ कागदच हवे होते. अण्णा म्हणाले, मधेच काढले तर कौल मोडतो. मग गेली ती जागा.” थोडं थांबून म्हणाले, “जाऊ दे. बँकेत काय ठेवलंय?”

“काका, त्या पंपवाल्यांनी जाहिरात स्वतःच्या वेबसाइटवर टाकलीय,” नेत्रा म्हणाली. “तिथलाच नंबर होता, त्याच नंबरवरून फोन आला. बाईंनी मला जीएसटीवर प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला आलं नाही. आणि या बंगळूरुवाल्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मला काय येतं हे न बघता सीनिअर केलं.”

“त्यालाच कृपा म्हणतात,” दत्तात्रेय म्हणाले.

“माझ्या शाळेत त्याला कॉपी म्हणतात,” भारतीबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

साहित्य

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पोळपाट होता. दुसऱ्या हातात देवघरातल्या परडीतली शेवंती, एक वाटी मध घातलेल्या दह्यादुधाची आणि एक साध्या पाण्याची.

“अहो, तुमचा फोन द्या.”

“कशाला?”

“कौल लावायचाय.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भारतीबाई अळणावरकडच्या एका खेड्यातल्या गुरवाची मुलगी. वडील कौल लावत आणि पाकळ्या भिजवून द्यायचं काम लहानग्या भारतीकडे असे.

“आमच्या अप्पांकडे एकच तांब्या असायचा,” त्या पोळपाट डब्याला टेकवत म्हणाल्या. “दोन्ही पाकळ्या त्याच पाण्यातल्या. एखादी वाळलेली निघाली तर अप्पा जोडीच बदलायला लावायचे. देवाला दोन्हीकडे सारखी वाट पाहिजे म्हणायचे. हॉलमध्ये वाट्या दोन होत्या. मी सकाळपासून तेवढ्याच गोष्टीचा विचार करतेय.”

कृती

१. दत्तात्रेयांचा फोन व्हायब्रेटवर टाकून पोळपाटावर उभा केला.

२. डावी पाकळी मधाच्या वाटीतली, उजवी पाण्याच्या. दोन्ही काचेवर.

३. प्रश्न विचारला : “आज रात्री वांग्याची भाजी करावी का?”

(दत्तात्रेयांना वांगं वर्ज्य आहे. डॉक्टरांनी केलेलं नाही, त्यांनीच केलेलं.)

४. नेत्राने आपल्या फोनवरून बापाला चार मेसेज पाठवले. अप्पा. अप्पा. अप्पा. अप्पा.

पहिल्या थरथरीला काही झालं नाही. दुसरीला उजवी पाकळी हलली. तिसरीला घसरली, चौथीला पोळपाटाखाली आली. डावी मधात घट्ट बसून होती.

“देवी वांगं म्हणतेय,” सुमंत म्हणाले. मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं.

“वाट्या बदल,” दत्तात्रेय म्हणाले.

वाट्या बदलल्या. तोच प्रश्न, तेच चार मेसेज. आता डावी पडली. वांगं नको. दत्तात्रेयांनी स्वतःच्या हाताने पाकळ्या लावून पाहिल्या, चष्मा लावून पाहिल्या, शेवटी मनातल्या मनात नेत्राच्या लग्नाचं विचारून पाहिलं (हे त्यांनी नंतर कबूल केलं). वाटी ज्या बाजूला पाण्याची, उत्तर त्या बाजूला.

“म्हणून चार-चार मेसेज,” नेत्रा म्हणाली. “अभिनंदन वेगळं, पत्र वेगळं, पत्ता वेगळा, शुभेच्छा वेगळ्या. एका थरथरीत पाकळी पडत नाही.”

“आणि ज्यांना नाही म्हणायचं असेल, त्यांच्यासाठी वाट्यांची अदलाबदल,” भारतीबाई म्हणाल्या. “सगळ्यांनाच हो मिळालं तर लोकांना शंका येईल.”

दत्तात्रेय पोळपाटावरची पाकळी उचलून तळहातावर घेऊन बसले होते.

“पाकळीचं पटलं,” ते म्हणाले. “पण पत्र? शिक्का आहे, सही आहे.”

“कंपनीला विचारूया की,” नेत्रा म्हणाली.

“ते नको. कौल...”

“अहो, एक सांगा. तुमच्या ऑफिसात कुणी बदलीचा आदेश घेऊन आला, तर तुम्ही त्याला लगेच खुर्ची देता?”

“अजिबात नाही. मागे एकाने बोगस आदेश आणला होता. तेव्हापासून ज्या कचेरीतून आदेश निघाला तिथे मी आधी फोन लावतो. कागदावर छापलेल्या नंबरवर नाही, आमच्या खात्याच्या यादीतल्या नंबरवर. कागदावर कोणीही काहीही छापेल.”

हे वाक्य पूर्ण झालं आणि दत्तात्रेयांनी हातातली पाकळी खाली ठेवली. तीस वर्षं जी खबरदारी ते एका अनोळखी शिपायाच्या बदलीसाठी घेत आले, ती पोटच्या मुलीसाठी घ्यायची राहिली होती.

सोमवारी सकाळी कचेरी उघडायच्या वेळेला त्यांनीच फोन लावला. नंबर नेत्राने कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढून दिला. पत्रावरचा नंबर वेगळा होता, आणि पत्रावरचा ईमेल कुणीही फुकट उघडू शकतो तसल्या खात्याचा होता. कंपनीच्या नोकऱ्यांच्या पानावर ते पदच नव्हतं. पलीकडची मुलगी कन्नडमध्ये बोलली, कंटाळलेल्या आवाजात. असं पत्र आम्ही पाठवलेलं नाही. आम्ही अनामत घेत नाही. मूळ कागद कुणालाही देऊन येऊ नका. आठवड्याला असे चार-पाच फोन येतात, सर.

“थँक्यू री, तंगी,” दत्तात्रेय म्हणाले, कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला म्हणतात तसं, आणि फोन ठेवला.

पुन्हा निरीक्षण

गुरुवारी नेत्रा फाइल छातीशी धरून चिगरी नावाच्या शहरबसने हुबळीला आणि तिथून रिक्षाने तारिहाळला गेली. भारतीबाई रजा टाकून देशपांडे नगरला गेल्या. सोबत दत्तात्रेय आणि सुमंत.

जिन्यात चपलांचा तोच ढीग. भारतीबाईंनी चेतनकडे स्वतःचं नाव आणि नंबर दिला, रांगेत उभ्या राहिल्या. पाळी आली.

“काय विचारायचंय, अक्का?”

“माझ्या मुलीने नोकरी कुठे करावी?”

“उत्तम. फोन व्हायब्रेटवर?”

“त्याहून चांगलं केलंय. देवीचा अपमान नको म्हणून विमान मोडवर टाकलाय.”

अण्णांचा हात पंचामृताच्या वाटीवर थांबला. “व्हायब्रेट पुरे असतं, अक्का.”

“देवीला नेटवर्क लागतं का, अण्णा?”

हॉल हसला. या वेळी अण्णांना ते हसू आवडलं नाही. पण शेकडो डोळ्यांसमोर ‘हो, लागतं’ म्हणायची सोय नव्हती. त्यांनी पाकळ्या लावल्या, डोळे मिटले.

काही झालं नाही.

पंखा फिरत होता. एक बाळ रडलं, गप्प झालं. मागे चेतनची बोटं भराभर चालत होती. अण्णांनी एक डोळा किलकिला केला, मिटला. माइकमध्ये म्हणाले, “स्वल्प तडीरी. थोडं थांबा. विश्वास कमी पडतोय.”

“कुणाचा?” मागून आवाज आला.

“मौन हाही एक कौल असतो,” अण्णा म्हणाले.

“मग मौनाचं ऑफर लेटर येतं काय?”

भारतीबाईंनी पुढे होऊन काचेवर बोट फिरवलं आणि विमान मोड काढला. फोन दोन क्षण शांत राहिला, आणि मग अडवून ठेवलेलं सगळं एकदम आलं. फोन तसबिरीवर खडखड वाजू लागला. अभिनंदन. पत्र. पत्ता. शुभेच्छा. मग, चेतन गडबडले होते म्हणून, पुन्हा अभिनंदन. उजवी पाकळी टपकन पडली.

“पडली, पडली,” एक बाई म्हणाली.

“पडली की,” भारतीबाई म्हणाल्या. “पण देवीने मघाशीच पाठवलेलं दिसतंय, वेळ आहे इथं. आणि पत्रावर माझं नाव आहे. मी विचारलं मुलीचं. मला सीनिअर एक्झिक्युटिव्ह केलंय. मी नववीला प्रकाशाचं परावर्तन शिकवते.”

मग त्यांनी दोन्ही वाट्या उचलल्या आणि पुढच्या रांगेतल्या बायकांना थेंब-थेंब चाखायला दिल्या. एक पाणी, दुसरीत मध इतका, की बोटाला बोट चिकटलं. दोन वाक्यांत सांगून टाकलं : मधाची पाकळी धरून ठेवते, पाण्याची सोडते, आणि हलवायला चेतन आहेत. नंतर वाट्यांची जागा बदलून त्याच चौरंगावर, त्याच फोनवर, दत्तात्रेयांनी चार मेसेज पाठवून देवीकडून ‘नाही’ वदवून घेतलं.

“ही नास्तिक बाई आहे,” अण्णा म्हणाले.

“मी गुरवाची मुलगी आहे,” भारतीबाई म्हणाल्या. “आमच्या अप्पांनी देवाला कधी मध लावून बसवलं नाही.”

सुमंत वकील उठले. कोर्टात त्यांचा आवाज कधी इतका लहान झाला नसेल. “माझ्या मुकुलच्या गुणपत्रिका द्या.”

त्यांच्यामागे आणखी कुणी उठलं, मग रांगच उठली. चेतन लॅपटॉप बगलेत मारून जिन्याकडे निसटले, आणि तिथे अडकले. चपलांच्या त्या ढिगात त्यांना स्वतःची चप्पल सापडेना. ब्रँडेड होती, सोडवेना. लोक पोचेपर्यंत ते एकाच पायात घालून दुसरी शोधत होते. नेहमी वधूपक्षाला देतात त्या खोलीच्या कपाटात मूळ कागदांचे गठ्ठे निघाले. दत्तात्रेयांनी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोलीस आले, आणि अण्णा जाताना ‘ही माझी परीक्षा आहे’ असं म्हणाले. परीक्षा नको म्हणूनच लोक त्यांच्याकडे येत होते.

एक म्हातारे गृहस्थ मात्र शेवटपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत. “मग आमच्या नातवाचं काय?” ते विचारत होते. “त्याची पाकळी तर फार छान पडली होती.”

त्यांना हसू नये. त्यांच्याजवळ बसावं, नातवाचा फोन घ्यावा आणि खरी जाहिरात कुठे बघायची ते दाखवावं. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर, सरकारच्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर. पत्र आलं तर त्यावरचा नंबर सोडून दुसरीकडून मिळवलेल्या नंबरवर विचारावं. नोकरी देणारा पैसे मागत असेल तर तो नोकरी देणारा नाही. मूळ कागद दाखवायचे असतात, ठेवून यायचे नसतात. आणि जो म्हणतो ‘कुणाला विचारू नका’, त्याच्याबद्दल सगळ्यांना विचारावं. दुसऱ्यांदा विचारल्याने खरी गोष्ट उलटत नाही. उलटते ती खोटी.

आणि नेत्रा?

तारिहाळला तिला अर्धा तास प्रश्न विचारले. टीडीएसच्या एका प्रश्नावर ती अडखळली. बाईंनी फाइल मागितली, एकेक गुणपत्रिका पाहिली, झेरॉक्सवर खूण केली आणि मूळ कागद टेबलावरून परत तिच्याकडे सरकवले. “सांभाळून ठेवा हे,” म्हणाल्या. बापाला दाखवण्यासारखा चमत्कार तो होता, पण त्याला पाकळ्या नव्हत्या, म्हणून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. पद कनिष्ठ, पगार बेताचा, सहा महिने प्रोबेशन. चमत्काराला प्रोबेशन नसतं.

सुमंत पुन्हा पुडा घेऊन आले. मुकुल आता दिवाणखान्यात नव्हता, तालुक्याच्या एका पतसंस्थेत अर्ज द्यायला गेला होता. फ्रेम रिकामी होती. सुमंतांनी पेढा पुढे केला. दत्तात्रेयांनी घेतला, पण खाल्ला नाही. पेढा डाव्या हातात धरून त्यांनी कारखान्याच्या वेबसाइटवरचा नंबर लावला.

“अप्पा, मी स्वतः भेटून आलेय त्यांना,” नेत्रा म्हणाली.

“असू दे. नमस्कार, मी नेत्राचे वडील बोलतोय. तुमच्याकडून पत्र निघालंय, त्याची खातरजमा करायची होती.”

पलीकडे कुणीतरी फाइल उघडली, पानं उलटली. दत्तात्रेय ताठ उभे राहून ऐकत होते. “होय? निघालंय ना? बरं, बरं. थँक्यू री.”

फोन ठेवला आणि मग पेढा तोंडात टाकला.